शेवटच्या झाडाला विचार

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी अंगणात मेथी निवडत बसले होते. प्रशांत म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. एरवी फोन उचलला की "आत्या, काय करतीस?" असं विचारल्याशिवाय त्याची गाडी पुढं सरकत नाही. त्या सकाळी त्यानं ते विचारलं नाही. नुसतं "आत्या..." म्हणाला आणि थांबला. मागं दवाखान्यातल्या कुठल्यातरी ढकलगाडीची चाकं वाजत होती. मी म्हणाले, "कळलं रे बाबा. आईला धर." फोन ठेवला आणि, खोटं कशाला सांगू, उरलेली जुडी निवडून टाकली. हातांना दुसरं काय करायला सांगावं तेच सुचेना. भाजी धुवायला उठले तेव्हा कुठं रडू आलं.

माझा भाऊ दत्तात्रय. मला दादा, कळस गावाला तात्या. इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग लावून जगलेला, बोलण्यात तिखट, हसण्यात मोकळा आणि हट्टात माझ्याही वरताण असा माणूस. माझं लग्न वालचंदनगरच्या माणसाशी झालं, हे कंपनीत होते, मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. कळस काही लांब नाही. त्यामुळं माहेर तुटलं असं मला कधी म्हणता आलं नाही, आणि दादाला माझ्या तोंडापासून सुटका कधी मिळाली नाही.

आमच्याकडं दशक्रियेला माईक असतो. पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत माणसं बसतात आणि तेवढ्यात एकेक जण उठून गेलेल्या माणसाचे गुण सांगतो. दादाच्या दशक्रियेला एक आबा उठले. म्हणाले, "तात्यांनी शेवटची दोन-तीन वर्सं कुणाला पाया पडू दिलं न्हाय. पोरं वाकली की पाय मागं घ्यायचे. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून न्हाय!" लोकांनी माना डोलावल्या. मग दुसरे उठले. "बागेतनं चालताना तात्या झाडाझाडापाशी थांबायचे. लेकरावानी माया व्हती." तिसऱ्यानं सांगितलं की तात्या झोपायचेसुद्धा खुर्चीत बसून, बागेकडं तोंड करून, असा राखणदार पुन्हा होणे नाही. मी बायकांत बसले होते, पदर तोंडात धरून. लोकांना वाटलं बहीण रडतेय. मी रडत नव्हते हो, मी संतापले होते! हे तिन्ही त्याचे गुण नव्हते. ती तिन्ही त्याच्या दुखण्याची लक्षणं होती. पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चाललेल्या माणसाचा पाय गार पडतो, म्हणून तो कुणाला हात लावू देत नाही. चार पावलं चाललं की पोटरी धरते, म्हणून तो थांबतो. आडवं झालं की पाय ठणकतो आणि खाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटतं, म्हणून तो खुर्चीत झोपतो. पण दशक्रियेत बाईनं माईक हिसकावून घ्यायची पद्धत नाही. म्हणून इथं लिहितेय.

दादाचं म्हणाल तर आमच्या शिवारात ठिबकच्या नळ्या आधी अंथरणाऱ्यांतला तो एक. वाफ्या-साऱ्यांतनं पाणी सोडणारे लोक तेव्हा हसायचे. म्हणायचे, तात्या झाडांना सलाईन लावतोय. ह्यानं ऐकून घेतलं आणि बाग उभी करून दाखवली. एकदा सुट्टीत मी गेले होते तेव्हाची गोष्ट. विहिरीपाशी मोटर चालू होती, फिल्टरच्या डोक्यावर ते गोल प्रेशर गेज बसवलेलं असतं, त्याचा काटा चांगला वर चढला होता. मी आपली शहाणपणानं म्हणाले, "दादा, आज पाणी जोरात दिसतंय."

"येडी हायेस," दादा म्हणाला. "म्होरं वाट बंद झाली म्हंजी गेज असं फुगतं. पाणी जात न्हाय म्हणून त्ये वर चढलंय. चल, तुला दावतो."

मला त्यानं ओळीच्या पार टोकापर्यंत चालवत नेलं. शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी माती कोरडी ठक्क. त्यानं नळीचं मुरडून बांधलेलं टोक सोडलं, झटकलं, तर आधी पांढरट चिखल आला, क्षारांचा, आणि मग कुठं पाणी मोकळं झालं. हात धुताना म्हणाला, "गेजला कधी इचारू न्हाय शाले. शेवटच्या झाडाला इचारायचं. त्येच खरं सांगतं." आणि माझी फिरकी घेतल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे म्हणून पुढं जोडलंच, "तुमचा सायेब शाळा तपासाया येतो आन् पहिल्या बाकाला प्रश्न इचारतो. शेवटच्या बाकाला इचार म्हणावं, मग कळंल तुमी काय शिकिवता त्ये." मी चिडले. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात शेवटच्या बाकाला आधी विचारायला लागले, हेही खरं.

हे वाक्य त्यानं आयुष्यभर इतक्या जणांना ऐकवलं की पोरं त्याची नक्कल करायची. नव्यानं ठिबक केलेला कुणी शेतकरी "तात्या, प्रेशर झकास हाय" म्हणाला की हा त्याला गाडीवर मागं बसवून थेट बांधाच्या टोकाला घेऊन जायचा. वहिनी म्हणायच्या, "वन्सं, ह्यांना मुलगी बघाया न्या, हे तिच्या घराच्या मागच्या दारानंच जातील." आम्ही हसायचो.

आता भाऊबीजेचं सांगते. आमच्याकडं भाऊबीजेला बहीण भावाला तेल लावून न्हाऊ घालते. मागच्या दारी न्हाणीपाशी पाट मांडायचा, दोन बाजूंना रांगोळीची बोटं ओढायची, भाऊ उघडाबंब बसतो आणि बहीण डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळते, मग उटणं. दादाची साठी उलटून गेली तरी आम्ही हे सोडलं नव्हतं. पाटही तोच, आईच्या वेळचा, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. तेल लावताना माझे हात चालतात तसं तोंडही चालतं. वर्षभराचं सगळं त्याच्या पाठीवर रितं करायचं. त्या वर्षी असंच बडबडत उजव्या पायाला तेल लावलं, मग डाव्याला हात घातला आणि माझं बोलणं थांबलं. डावा पाय गार होता. उजवा माणसाचा पाय वाटत होता, डावा... कसं सांगू, माठाला हात लागल्यासारखा. नीट बघितलं तर पिंडरीवरचे केस गेलेले, कातडी ताणलेली, चकचकीत. अंगठ्याचं नख जाड आणि पिवळट.

"दादा, हा पाय गार का रे?"

"फरशी गार हाय."

"फरशी दोन्ही पायांखाली आहे ना? का एकाच?"

दादा खो खो हसला. तांब्यातलं पाणी माझ्या अंगावर उडवलं आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, त्याल लावा गुमान. आज परीक्षा नगं." वहिनीही हसल्या, मीही हसले. पण नंतर ओवाळताना तबकातली ज्योत बघायची सोडून माझी नजर सारखी त्याच्या पायाकडं जात होती. साखर आमच्या घराण्यातच आहे. आईला होती, दादाला होती, मलाही आहे. आईचे शेवटचे दिवस मी बघितले होते. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यानंतर मी कळसला जायचं निमित्त शोधायला लागले. बागेत त्याच्याबरोबर चालले की तो थांबायचा. थोडं चालला की एखाद्या झाडाला हात लावून उभा, पानं उलटून बघतोय, फळावर डाग आहे का बघतोय. मग परत चार पावलं. आधी मलाही वाटलं, म्हातारपणी माया वाढलीय. पण एकदा तो अशा झाडापाशी थांबला की जे वाळून गेलं होतं, काढायचं म्हणून प्रशांतनं त्याला चुना फासून ठेवला होता. त्या वाळक्या झाडाची फांदी धरून दादा उभा, दुसरा हात पोटरीवर, आणि ओठ घट्ट मिटलेले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ह्याचं मूळ कशानं कुजलं आसंल गं?" 

मग नात्यातल्या एका लग्नात, सुप्याला, नवरा-नवरी पाया पडायला वाकली आणि ह्यानं पाय असे झटकन खुर्चीखाली ओढले की नवरीच्या हातातला रुमाल खाली पडला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, देवाच्या पाया पडा," म्हणाला. लोकांना केवढं कौतुक! मी मात्र बघितलं, एवढ्या उन्हाळ्यात, मांडवात, माझ्या भावाच्या पायांत लोकरीचे मोजे होते.

मी सरळ दम दिला. "दादा, बारामतीला चल, नाहीतर पुढच्या भाऊबीजेला मी येत नाही. आणि मी येत नाही म्हणजे येत नाही, तुला माहितीय." तो पुटपुटत का होईना, आला.

बारामतीच्या डॉक्टरांनी आधी काही यंत्र वगैरे लावलं नाही. दोन बोटं पावलाच्या वरच्या बाजूला ठेवली आणि डोळे मिटून बसले. मग घोट्याच्या आत, हाडाच्या मागं. मग गुडघ्याच्या लवणीत. पावलावर नाडी असते हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या भावाच्या डाव्या पावलावर ती शोधायला डॉक्टरांना किती वेळ लागतोय हेही दिसत होतं. अंगठा दाबून सोडला. दाबल्यावर पांढरा पडलेला तो अंगठा परत लाल व्हायला तयारच नाही. मी मनात म्हणत होते, ये रे बाबा, ये... दादा छताकडं बघत होता.

मग दुसऱ्या खोलीत तपासणी झाली. एका मुलीनं त्याच्या दोन्ही दंडांना रक्तदाबाचा पट्टा बांधला, मग तसाच घोट्यांना. पावलावर गार जेल लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं की त्यातून आवाज यायचा, आत रक्त वाहतंय त्याचा. तिनं समजावून सांगितलं की पायातलं प्रेशर दंडाइतकं किंवा थोडं जास्त असायला हवं, बऱ्याच पेशंटचं कमी निघतं, कमी म्हणजे वाटेत अडथळा. उजव्या पायाचा आवाज आला तेव्हा दादा म्हणाला, "मोटर चालू झाली बघा." ती मुलगी हसली. डाव्या पायावर तिनं ते यंत्र टेकवलं, सरकवलं, परत टेकवलं. आवाज आला, पण कसा... लांबच्या शिवारात कुणाची तरी मोटर चालू असावी तसा.  मग पट्टा फुगवून आकडा घेतला तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. परत फुगवला. डाव्या पायाचं प्रेशर दंडाच्या दीडपट निघालं.

"म्हंजी जास्त हाय?" दादानं विचारलं.

"जास्त आहे काका, पण डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी नीट सांगितलं, अगदी स्वच्छ मराठीत. मी तिथंच होते. म्हणाले, "इतकं जास्त येणं चांगलं नाही. साखरेनं तुमच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक झाल्यात. पट्टा कितीही आवळला तरी त्या दाबल्या जात नाहीत, म्हणून आकडा फुगून येतो. त्यावरून आत रक्त किती जातंय ते कळत नाही. आवाज मला आवडलेला नाही. अंगठ्याच्या नळ्या सहसा अशा कडक होत नाहीत, त्यामुळं अंगठ्याला छोटा पट्टा लावून प्रेशर घ्यावं लागेल. सोमवारी या. मग पुढची तपासणी, गरज पडली तर नळी उघडायची." आणि एक वाक्य ते हळू बोलले, "पायात जे झालंय ते फक्त पायात नसतं."

खरं सांगते, मला वाटलं आता दादाला काही समजवायला नको. हे सगळं त्याच्याच भाषेत होतं की! पण बाहेर आलो, चहाच्या टपरीवर थांबलो, तर ह्यानं फोन काढून प्रशांतला लावला. "आरं, माझ्या पायात प्रेशर दीडपट हाय! लोकांचं कमी निघतं, माझं जास्त निघालं. तुझी आत्या उगंच बोंबलत व्हती." मग वहिनींना. मग गावात आणखी दोघा-तिघांना. मी चहाचा कप आपटला.

"दादा, कान फुटले का तुझे? गेजला विचारू नको म्हणून जन्मभर गावाला शिकवलंस. वाट बंद झाली की गेज फुगतं, कोण सांगायचं हे? मी?"

"त्ये पायपाचं झालं," दादा म्हणाला. "ह्यो माणसाचा देह हाय."

"मग माणसाच्या देहात उलटं असतं का?"

"शाले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, "जास्त आलंय म्हणाली ना ती पोरगी? मग जास्तच ऱ्हाऊ दे की." आणि त्यानं बशीत चहा ओतला.  तो समजला नव्हता असं नाही. त्याला समजलं होतं, म्हणून त्यानं तो आकडा असा छातीशी धरला. 

सोमवार आला आणि गेला. त्या सोमवारी बागेची तोडणी होती, व्यापारी बांधावर उभा. पुढच्या सोमवारी छाटणीची माणसं. मग कुणाचं लग्न, मग कुणाची जत्रा. मी फोन करायची, भांडायची, फोन आपटायची. हे म्हणायचे, "अगं, तुझा भाऊ काही लहान आहे का?" मी म्हणायची, लहान असता तर कान धरून नेला असता. प्रशांतही मागं लागला होता बिचारा. पण दादाकडं एकच उत्तर, आणि ते तो सगळ्यांना हसत ऐकवायचा, पायात प्रेशर दीडपट हाय.

पुढच्या भाऊबीजेला मी तेलाची वाटी, उटणं, सगळं घेऊन सकाळी लवकर पोचले. दादा ओट्यावर तयार बसलेला. आंघोळ झालेली, डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि वर बूट. घरात, सणाच्या दिवशी, बूट! "मी उरकलं गं पहाटंच," म्हणाला. "आता म्हातारपणी कशाला त्याल न् बिल? ववाळ तू." पाट न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, कोरडा. मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी नजर चुकवली आणि रांगोळीचा डबा आत नेला. मी ओवाळलं. पाया पडायला वाकले तर त्यानं पाय मागं घेतले, माझ्यापासूनसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा. त्या बुटातून एक वास येत होता, औषधाच्या मलमाखाली दडवलेला. मी म्हणाले, "दादा, बूट काढ." तो म्हणाला, "ज्योत इझंल, आत ने."

वहिनींनी मग स्वयंपाकघरात सांगितलं. डाळिंबाच्या छाटणीत डाव्या अंगठ्याला काटा लागला होता, एवढासाच. डाळिंबाच्या बागेत काटा लागणं ही काय सांगायची गोष्ट आहे? पण ती जखम भरेचना. हळद झाली, तूप झालं, कुणी सांगितलेला पाला झाला. आणि कडेनं काळं दिसायला लागलं तेव्हापासून तो मोजे वहिनींपुढंसुद्धा काढेना. मी तेलाची वाटी तिथंच ठेवली, ओट्यावर आले आणि सगळ्यांदेखत, सणाच्या दिवशी, माझ्या थोरल्या भावाला जे काही बोलायचं ते बोलले. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. प्रशांतनं गाडी काढली. दादा उठला, मुकाट्यानं. त्याचं हे मुकाटपणच मला फार भ्यायला लावणारं होतं.

अंगठ्याचं प्रेशर त्या दिवशी बारामतीला घेतलं गेलं, पण उजव्या पायाच्या अंगठ्याचं. तेही कसंबसं निघालं. डाव्या अंगठ्याला पट्टा लावायला जागा राहिली नव्हती, म्हणून शेजारच्या बोटाला लावला. पडद्यावर एक रेघ यायची होती, नाडीबरोबर वरखाली होणारी. ती रेघ आली ती सपाट. मग पुण्याला नेलं, रंगद्रव्य घालून रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. डॉक्टरांनी प्रशांतला आणि मला ते दाखवलं. मांडीत जाड फांदी, गुडघ्याखाली तिच्या तीन डहाळ्या असायला हव्यात, आणि तिथं काहीच नाही, नुसता अंधार. दादानं विचारलं, "काय दिसलं?"   आम्हा दोघांच्या तोंडाकडं बघून तोच म्हणाला, "शेवटचं झाड वाळलंय व्हय?" आणि मग, "म्या तुझं ऐकलं न्हाय शाले." मी म्हणाले, "तू तुझंच ऐकलं नाहीस रे दादा." त्यानं मान हलवली. मी त्याच्या उशाशी बसून राहिले, त्याचा हात हातात घेऊन. हात गरम होता.

पाय गुडघ्याखाली काढला. जखम भरत आली, म्हणून आम्ही जरा श्वास घेतला. वहिनींनी तर कुबड्यांना फडक्याच्या गाद्याही शिवल्या. आणि मग एका सकाळी दवाखान्यातच, मलमपट्टी बदलायला नेलेला असताना, काळीज थांबलं. पायात जे झालंय ते फक्त पायात नसतं, असं डॉक्टर हळू आवाजात बोलले होते ते वाक्य मी मेथी धुताना आठवत होते.

परवा कळसला गेले. दुपारची वेळ, फाल्गुनातलं ऊन चांगलं रणरणत होतं. घर तसंच आहे. ओट्यावर दादाची ती खुर्ची बागेकडं तोंड करून ठेवलीय, तिच्यावर कुणी बसत नाही, कुणी उचलतही नाही. न्हाणीपाशी पाट भिंतीला टेकलेला. वहिनींनी चहा दिला. मग प्रशांत म्हणाला, "आत्या, बाग बघून येऊ." मोटर चालू होती. विहिरीपाशी त्यानं गेजकडं बघितलं, "प्रेशर चांगलं..." म्हणाला आणि मधेच थांबला. माझ्याकडं न बघता ओळीच्या टोकाकडं चालायला लागला. मी त्याच्या मागं. अर्ध्या वाटेत मी एका झाडापाशी उभी राहिले, फांदीला हात लावून. दादाची आठवण दाटून आली म्हणून थांबले, असं मी मनाला सांगितलं. प्रशांतनं टोकाला जाऊन नळी सोडली, झटकली, पाणी मोकळं केलं, माती मुठीत धरून बघितली आणि परत आला. मी तिथंच उभी होते.

निघायच्या वेळी गुडघे धरले होते म्हणून मी ओट्यावर तो पाट घेऊन टेकले. प्रशांत पाया पडायला वाकला. नमस्कार करून माणूस उठतो, हा उठला नाही. त्याचा तळवा माझ्या उजव्या पावलावर राहिला. मग डाव्यावर गेला. मग उजव्यावर परत आला. दोन बोटं पावलाच्या वरच्या बाजूला, डॉक्टर ठेवायचे तशी.

"काही नाही रे," मी म्हणाले. "फरशी गार आहे."

माझे शब्द माझ्याच कानांवर आले. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकट धरली. अंगणात ऊन एवढं की डोळे मिटावेत. प्रशांतनं मान वर केली. त्याचे डोळे हुबेहूब दादाचे आहेत, हे मला आधी कधी असं दिसलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "फरशी दोन्ही पायांखाली हाय."

सोमवारी आम्ही बारामतीला जाणार आहोत. प्रशांत सकाळीच गाडी घेऊन येतोय, तोडणी असली तरी येतोय. पाट मी वहिनींकडून मागून आणलाय, तो इथं माझ्या पायांखाली आहे. त्या मुलीला मी गेल्या गेल्या सांगणार आहे की बाई, दंडाचं आणि घोट्याचं मागाहून बघ, छोटा पट्टा आधी अंगठ्याला लाव.